उथळ पाण्याला खळखळाट फार

मंडळी, आज जरा रागातच लिहायला बसलो आहे. राग चार लोकांवर आहे, पण त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे. तेव्हा वाचताना कुणी मनाला लावून घेऊ नये.

झालं असं. आमच्या पुंडलिकनगरातून सकाळी फिरायला निघणारी सात-आठ म्हाताऱ्यांची एक टोळी आहे. गजानन महाराजांच्या मंदिरापर्यंत जायचं, दर्शन घ्यायचं, टपरीवर अर्धा-अर्धा चहा घ्यायचा आणि देशाचे सगळे प्रश्न सोडवून घरी यायचं, असा आमचा नेम. गेल्या आठवड्यात मी सहज बोलून गेलो, की माझी नात बी.एस्सी. झाली, आता तिला समुद्रविज्ञान शिकायला गोव्याला जायचं आहे. ध्रुवाकडच्या समुद्रात खोल तळाशी पाणी कसं तयार होतं आणि ते जगभर कसं फिरतं, त्यात तिला पुढं संशोधन करायचं आहे.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग अभियंता म्हणून निवृत्त झालेले आमचे एक मित्र म्हणाले, "गुरुजी, इथं नळाला पाणी यायची मारामार, आणि तुमची नात अंटार्क्टिकाचं पाणी मोजणार?"

सगळे हसले. मीही हसलो. मला टोचतंय ते हेच, की मीही हसलो.

घरी तरी वेगळं काय होतं? मुलगा म्हणतो, स्पर्धा परीक्षा दे, नाहीतर बी.एड. कर, हाताशी काहीतरी राहील. सूनबाई म्हणते, मुलीच्या जातीनं महिना महिना जहाजावर राहायचं का? नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा, तुम्ही तर भूगोल शिकवायचात. तुम्ही तरी सांगा ना यांना." आणि मी काय सांगितलं? "बघू." आजचं हे लिहिणं म्हणजे त्या 'बघू'चं प्रायश्चित्त समजा.

आता माझी लायकीही सांगून टाकतो. मी मराठी माध्यमातला बी.ए. विज्ञानाची पदवी नाही. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल आणि मराठी शिकवलं. सागरी प्रवाह हा धडा किती वेळा शिकवला असेल याची गणतीच नाही. गल्फ स्ट्रीम, कुरोशिओ उष्ण. लॅब्राडॉर, बेंग्वेला, पेरू थंड. उष्ण प्रवाहांना लाल बाण, थंडांना निळे. खाली गाळलेल्या जागा, जोड्या लावा, आणि नकाशा भरायला पाच गुण. मुलांना ते पाठ व्हायचं. माझा निकाल चांगला लागायचा.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. नववीच्या वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे गल्फ स्ट्रीमचं पाणी सारखं उत्तरेकडं जातंय. मग ते तिकडं साचत कसं नाही? परत कुठून येतं?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं लिही. हे परीक्षेत येत नाही."

ती बसली. पुन्हा तिनं काही विचारल्याचं मला आठवत नाही. खरं म्हणजे मला उत्तर माहीत नव्हतं. मास्तराला उत्तर माहीत नसणं हा गुन्हा नव्हे. माहीत नाही म्हणून प्रश्नच खाली बसवणं हा गुन्हा आहे, आणि तो मी केला. तेव्हा सकाळच्या टोळीत 'त्याचा आपल्याला काय उपयोग' म्हणून जे हसतात, ते आकाशातून पडलेले नाहीत. आमच्यासारख्यांच्या वर्गांतूनच बाहेर पडले आहेत.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला जवळजवळ चाळीस वर्षांनी मिळालं, आणि तेही आमच्या फ्रीजरमध्ये. नातीनं एका भांड्यात मिठाचं पाणी करून ठेवलं. वरचा थर गोठल्यावर बर्फ बाजूला काढून, वरून धुऊन माझ्या जिभेवर ठेवला. मग खाली उरलेलं पाणी चाखायला दिलं. बर्फ बराच अळणी होता आणि खालचं पाणी आधीपेक्षा जास्त खारट. "आबा, बर्फ मीठ आत घेत नाही, बाहेर टाकतो. अंटार्क्टिकाजवळ हेच होतं, फक्त भांडं मोठं आहे."

दहावीच्या विज्ञानात पाण्याचं असंगत आचरण असतं, होपचं उपकरण असतं. पाणी चार अंशांना सर्वांत जड, त्याखाली पुन्हा हलकं होतं, म्हणून तळ्याचा वरचा थर गोठतो आणि मासे खाली जगतात. हे आम्ही सर्वांनी पाठ केलं. पण ते गोड्या पाण्याचं आहे, हे कुणी ठासून सांगितलं नाही. समुद्राचं खारं पाणी चार अंशांना थांबत नाही. ते उणे १.९ अंशाच्या आसपास गोठेपर्यंत जड होतच जातं. अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पठारावरून भयंकर गार वारे किनाऱ्याकडे उतरतात. ते समुद्रावर तयार झालेला बर्फ ढकलून नेतात, उघड्या पडलेल्या पाण्यावर पुन्हा नवा बर्फ धरतो, वारा तोही नेतो. जणू बर्फाचा कारखानाच. प्रत्येक वेळी मीठ खालच्या पाण्यात उतरतं. असं गारठलेलं, खारावलेलं पाणी इतकं जड होतं, की खंडाच्या उतारावरून घरंगळत हजारो मीटर खाली तळाला जातं. वेडेल समुद्र, रॉस समुद्र, अॅडेली किनारा आणि केप डार्नली ही त्याची मुख्य ठिकाणं. जगातल्या समुद्राच्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा हे असं अंटार्क्टिकाचं तळपाणी आहे. उत्तर अटलांटिकमध्ये ग्रीनलंडच्या आजूबाजूलाही पाणी असंच बुडतं. गल्फ स्ट्रीमचं पाणी उत्तरेला साचत नाही ते याच कारणानं. बरंचसं वरच्या वर वळून माघारी येतं, आणि जे आणखी उत्तरेला जातं ते गार होऊन बुडतं व खालून परत फिरतं. एका फेरीला शेकडो, कधी हजार वर्षं लागतात.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध? संबंध असा, की आपला हिंदी महासागर उत्तरेकडून बंद आहे. वर आशिया खंड बसला आहे. त्यामुळे आपल्याकडे पाणी गोठून तळाला जाईल अशी जागाच नाही. इराणच्या आखातातलं आणि तांबड्या समुद्रातलं पाणी खारं असतं, पण गरमही असतं, म्हणून ते मधल्या थरातच पसरतं. मग अरबी समुद्राच्या तळाशी जे दोन अंशांच्या आसपासचं गार पाणी आहे, ते आलं कुठून? दक्षिणेकडून. मादागास्करच्या पूर्वेनं, सेशेल्सजवळच्या अमिरांते खिंडीतून सोमालियापुढच्या खोऱ्यात आणि तिथून समुद्रतळावरच्या ओवेन भेगेतून थेट आपल्या अरबी समुद्रात. येताना ते प्राणवायू घेऊन येतं. अरबी समुद्राचा मधला थर, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा, प्राणवायूच्या बाबतीत जगातल्या सर्वांत कंगाल थरांपैकी आहे. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, पुन्हा प्राणवायू सापडतो! मुंबईच्या चौपाटीवर उभं राहून आपण ज्या समुद्राला नमस्कार करतो, त्याच्या तळाचा श्वास अंटार्क्टिकाहून येतो. हे मला पंच्याहत्तरीत कळलं. माझ्या विद्यार्थ्यांना चौदाव्या वर्षी कळायला हवं होतं.

आता अभियंता मित्रांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आमच्या भागानं नळाची वाट वर्षानुवर्षं दिवस मोजत पाहिली आहे, टँकरचा भोंगा वाजला की जेवणाच्या ताटावरून उठलो आहोत. तहानलेल्या माणसानं 'आधी माझी घागर भरा' म्हटलं तर त्यात त्याची चूक नाही. पण हिशोब तरी नीट करू. २०२१ साली केंद्र सरकारनं खोल समुद्राच्या अभ्यासाची मोहीम मंजूर केली, पाच वर्षांसाठी ४०७७ कोटी रुपयांची. त्यातही पाणबुडी आहे, समुद्रतळावरच्या खनिजांचा शोध आहे, आणखी बरंच काही आहे. पाण्याच्या फिरण्याचा अभ्यास हा त्यातला एक भाग. तरी सगळी रक्कम धरा आणि १४० कोटी लोकांत वाटा. माणशी २९ रुपये येतात, वर्षाला सहाच्या आत. आपण रोज टपरीवर जो अर्धा चहा घेतो, त्याहून कमी. हे सहा रुपये वाचवले तर जायकवाडीची जलवाहिनी दुसऱ्या दिवशी घरापर्यंत येईल, असं खरोखर कुणाला वाटतं का? आपल्या नळाला पाणी न येण्याचं कारण गोव्यातल्या प्रयोगशाळेत नाही, हे निवृत्त अभियंत्याला मी सांगायला नको.

आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान उतरलं, तेव्हा याच टोळीनं पेढे वाटले होते. मीही वाटले. तेव्हा कुणी नळाचा विषय काढला नाही, आणि काढला नाही ते बरंच झालं. पण मग समुद्राच्या वाट्यालाच हा प्रश्न का? कारण चंद्र दिसतो. टीव्हीवर उतरताना दिसतो. समुद्राचा तळ दिसत नाही, तिथं टाळ्या वाजवायला जागा नाही. आपलं सगळं लक्ष वरच्या खळखळाटाकडे.

१९७२ च्या दुष्काळात मी बावीस वर्षांचा होतो. गावोगाव विहिरी खोल करायचं काम चाललं होतं. पाणाड्या हातात काठी धरून फिरायचा आणि तो सांगेल तिथं लोक खणायचे. कधी लागायचं पाणी, कधी नुसता खडक. आमच्या गावात कुठल्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती पाणी असतं, याची नोंद कुणाकडेही नव्हती. नोंद नसली की माणूस पाणाड्याच्या हाती सापडतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आजचा पाणाड्या व्हॉट्सअॅपवर असतो. आमच्या टोळीच्या ग्रुपवर मधे एक संदेश आला, की गल्फ स्ट्रीम बंद पडतोय, युरोप गोठणार, मान्सून संपणार. जे गृहस्थ नातीच्या शिक्षणावर हसले, त्यांनीच तो पुढं ढकलला होता. म्हणजे अभ्यास नको, पण भीती हवी! खरी गोष्ट काय आहे? अटलांटिकमधलं हे उलथापालथीचं चक्र या शतकात मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे, पण २१०० च्या आत ते अचानक कोसळेल असं वाटत नाही, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालात म्हटलं होतं, तेही मध्यम खात्रीनं. त्यानंतर २०२३ मध्ये, याच शतकात कोसळण्याचा धोका आहे असं मांडणारा एक अभ्यास आला आणि त्याच्या पद्धतीवर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतले. वाद चालू आहे. वाद का मिटत नाही? कारण अटलांटिकच्या रुंदीभर या चक्राचं सलग मोजमाप सुरू झालं तेच २००४ मध्ये. शतकांनी फिरणाऱ्या चक्राची नोंद दोन दशकांची!

अंटार्क्टिकाचीही तीच गत. जगभरच्या समुद्रात साधारण चार हजार तरंगती उपकरणं सोडलेली आहेत, आपल्या देशानंही सोडली आहेत. ती आपोआप खाली जातात, उष्णता आणि खारेपणा मोजतात आणि वर येऊन उपग्रहाला कळवतात. पण त्यातली बहुतेक २००० मीटरपर्यंतच जातात. समुद्राची सरासरी खोली ३७०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या समुद्राकडे आपलं फारसं लक्षच नाही. केप डार्नलीजवळ तळपाणी तयार होतं हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सिद्ध केलं, तेव्हा तळाशी नांगरलेल्या उपकरणांबरोबर एलिफंट सीलच्या डोक्यावर चिकटवलेल्या यंत्रांचीही मदत झाली. माणूस जाऊ शकत नाही तिथं सील बुडी मारून नोंदी आणतात. आणि ही जागा आपल्या 'भारती' या केंद्राच्या शेजारच्या टापूत आहे. २०१२ पासून तिथं तिरंगा आहे. 'भारती' ज्या प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे, तिथं बर्फाचे कडे खालून वितळून येणाऱ्या गोड्या पाण्यानं तळपाण्याची निर्मिती अडते आहे, असं २०१६ मध्ये दिसून आलं. गोडं पाणी हलकं, ते मिसळलं की बुडणं मंदावतं. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर २०५० पर्यंत अंटार्क्टिकाचं तळाचं अभिसरण ४० टक्क्यांनी मंदावेल, असं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांचं २०२३ चं गणित सांगतं. ते गणित आहे, भविष्यवाणी नव्हे. बरोबर की चूक ते मोजूनच ठरेल, आणि मोजायला कुणीतरी जावं लागेल.

या सगळ्याचा मान्सूनशी अमुक संबंध आहे, म्हणजे जायकवाडी भरण्याशी आहे, असं जुळवून मी मित्रांना गप्प करू शकलो असतो. करणार नाही. तळाच्या पाण्याची चाल शतकांची, पावसाची चाल महिन्यांची. पण हवेत वाढलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानं पोटात घेतला आहे, आणि तळाचं पाणी गेल्या काही दशकांत गरम होत चाललं आहे, एवढं मोजलेलं आहे. गरम पाणी फुगतं, समुद्र चढतो. मुंबईला ते परवडणारं नाही.

१७५१ साली हेन्री एलिस नावाच्या इंग्रज कप्तानानं उष्ण कटिबंधाच्या वेशीवर समुद्रात बादली सोडली. वरचं पाणी ८४ अंश फॅरनहाइट, मैलभर खालचं ५३. एवढ्या उन्हात खाली इतकं गार पाणी कुठून? गुलामांच्या व्यापारावर निघालेल्या त्या कप्तानानं त्याचा उपयोग काय केला? गार पाण्यानं अंघोळ केली आणि दारू थंड केली. ते पाणी ध्रुवाकडून आलं असलं पाहिजे, हे पुढं पन्नासेक वर्षांनी काउंट रम्फर्डनं ओळखलं. 'उपयोग काय' एवढंच विचारणाऱ्याच्या हाती शेवटी गार दारूच लागते.

आता घरच्यांशी. मुलगी जहाजावर कशी जाणार? नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या, बरोबर सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून तिकडे जाणाऱ्या या पहिल्या दोन स्त्रिया. म्हणजे मी त्या मुलीला खाली बसवलं, त्याच्या आधीच एक मराठी बाई अंटार्क्टिकाच्या समुद्रात काम करून आली होती, आणि भूगोलाच्या मास्तराला पत्ता नव्हता! मुलगा म्हणाला, "त्या औंधच्या राजघराण्यातल्या, वडील राजदूत." खरं आहे. म्हणूनच तर साध्या घरच्या मुलीच्या मागं घरानं जास्त जोर लावायला हवा.

सरकारलाही दोन शब्द. ६ डिसेंबर १९८१ ला पहिली मोहीम गोव्याहून निघाली ती नॉर्वेचं भाड्याचं जहाज घेऊन. आजही बर्फातून वाट काढणारं स्वतःचं संशोधन जहाज आपल्याकडे नाही. कोलकात्याला ते बांधायचा करार जून २०२५ मध्ये नॉर्वेच्या कंपनीशी झाला. चव्वेचाळीस वर्षं लागली.

आणि मराठीच्या नावानं गळा काढणाऱ्या आम्हा लोकांना काय म्हणावं? मला वाटायचं, या विषयावर मराठीत काही नाही. नात म्हणाली, "मराठी विश्वकोश उघडा." उघडला. महासागरविज्ञानावर लांबलचक नोंद आहे! शब्द होते, समजावणारे होते, आम्हीच पान उघडलं नाही. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची, मराठी विज्ञान परिषदही १९६६ चीच. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. दोन्ही विहिरी माझ्या डोळ्यांदेखत खणल्या गेल्या आणि मी पोहरा सोडला नाही. गोव्यातल्या शास्त्रज्ञांनाही विनंती, की वर्षातून एकदा घाट चढून मराठवाड्यातल्या एखाद्या साध्या शाळेत या. मुलांच्या हातात ती बर्फाची चव द्या.

असो. नातीला सांगून टाकलं आहे, की पहिल्या वर्षाचा खर्च माझ्या पेन्शनमधून. मुलगा अजून घुश्शात आहे. सूनबाईनं फॉर्मवरचं नाव मात्र तपासून पाहिलं. टोळीत उद्या पुन्हा हसतील. हसू देत, या वेळी मी हसणार नाही.

आणि १९८६ च्या त्या वर्गातली ती मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली असेल. कुणी ओळखत असेल तर तिला एवढं सांगा: पाणी साचत नाही. ध्रुवाजवळ गार होऊन तळाला जातं आणि खालून परत येतं. तुझा प्रश्न बरोबर होता. सरांना उत्तर येत नव्हतं.